नगरपरिषदेच्या नाट्यगृहाचं भाडं परवडत नाही, रंगमंचही खराब झालाय. हौशी संस्थांनी नगरपरिषदेकडे नेमकं काय आणि कसं मागावं?

निवेदनातलं 'कलेला राजाश्रय मिळावा' हे वाक्य आधी खोडा. त्यावर 'उचित कार्यवाहीस्तव' असा शेरा पडतो आणि कागद फायलीत झोपतो. नगरपरिषदेत पैसा हलतो तो लेखाशीर्षावर, म्हणजे अंदाजपत्रकातल्या खर्चाच्या ठरावीक नोंदीवर. म्हणून मागणीत लेखाशीर्ष हवं, त्यापुढे आकडा हवा.

सुरुवात माहिती अधिकारापासून करा. गेल्या ३ वर्षांत नाट्यगृहावर किती तरतूद होती, किती खर्च झाला आणि भाड्यापोटी किती जमा झाले, एवढ्याच नोंदींच्या प्रती मागा. अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. 'दुरुस्ती का केली नाही?' असं विचारू नका. 'का'चं उत्तर द्यायला माहिती अधिकारी बांधील नाही. ३० दिवसांत काहीच आलं नाही तर प्रथम अपील करा.

बुकिंग रजिस्टर पाहायलाही मागा. अख्ख्या अर्जातलं हे सगळ्यात कामाचं कलम. सोमवार ते गुरुवारची सकाळची सत्रं बहुतेक रिकामी असतात, आणि तुमचा सगळा युक्तिवाद त्या कोऱ्या रकान्यांवर उभा राहतो. समजा, सत्राचं भाडं ६,००० रुपये आहे. रंगीत तालमींसाठी वर्षाला ४० सत्रं ७५ टक्के सवलतीत मागितली, तर लेखापालाला कागदावर १,८०,००० रुपयांचा बोजा दिसतो. पण सत्र रिकामंच जाणार असेल तर त्यात बुडतं काय? एसी बंद ठेवून १,००० वॅटचे २० दिवे ४ तास लावले तरी ८० युनिट होतात. ते बिलाच्या दराने गुणा, रखवालदाराचा खर्च मिळवा आणि उरलेल्या २५ टक्क्यांतून, म्हणजे १,५०० रुपयांतून, तो निघतो हे निवेदनातच मांडून दाखवा.

ही झाली महसुली बाजू. रंगमंचाची मोठी दुरुस्ती सहसा भांडवली खर्चात, म्हणजे टिकाऊ कामांवरच्या खर्चात येते, तिचं पत्र वेगळं द्या. दोन्ही एकत्र केलीत तर मोठ्या रकमेपायी छोटी सवलतही अडकते.

दुरुस्तीत गडबड होते ती एस्टिमेटमध्ये. खुर्च्या, फरशी, रंग, दर्शनी भाग यांचे दर शासकीय दरसूचीत तयार असतात. डिमर (दिवे मंद-प्रखर करणारं यंत्र), स्पॉट, विंगा, सायक्लोरामा (रंगमंचामागचा मोठा पडदा) शोधायला गेलं तर बऱ्याचदा सापडत नाहीत. मग अभियंता सापडेल ते धरतो. नूतनीकरणानंतर लॉबीत ग्रॅनाइट येतं आणि रंगमंचावर तेच जुने दोर. कधी तर रंगमंचावरही टाइल बसते! तिच्यावर नट घसरतो, नेपथ्याला टेकू देणाऱ्या ब्रेसला खिळा मारता येत नाही. स्टेज लाइट म्हणून साधे एलईडी फ्लड आले तर ते डिमरवर लुकलुकतात, हळूहळू मंद होत नाहीत. उपाय असा, की प्रत्येक वस्तूचं तांत्रिक वर्णन, नग आणि ३ पुरवठादारांची दरपत्रकं तुम्हीच अभियंत्याकडे नेऊन द्या. यादीत रंगमंचाच्या जमिनीपुढे 'लाकडी' असं स्पष्ट लिहा.

राजाश्रयाचे दाखले द्यायचेच असतील तर भाषणात द्या. कोल्हापुरात शाहू महाराजांनी बांधलेलं नाट्यगृह १९१५ साली सुरू झालं, हे सभागृहात छान वाटतं. पण त्याच केशवराव भोसले नाट्यगृहाला ८ ऑगस्ट २०२४ रोजी आग लागली, हे वाक्य अभियंत्याला जास्त हलवतं. वायरिंग आणि फायर ऑडिटची मागणी दुरुस्तीच्या पत्रात सर्वात वर ठेवा. तिला लेखी नकार द्यायला कोणी धजावत नाही.

वेळ चुकवू नका. अंदाजपत्रक फेब्रुवारी-मार्चात सभेपुढे येतं, पण खात्यांच्या मागण्या त्याच्या बऱ्याच आधी गोळा होतात. तुमची दोन्ही पत्रं ऑक्टोबर-नोव्हेंबरात आत गेलेली हवीत. नेमक्या याच सुमारास राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीच्या तालमी जोरात असतात, म्हणून हे काम नाटकात भूमिका नसलेल्या माणसाकडे सोपवा. प्रत्येक पत्र सगळ्या संस्थांचं मिळून एकच असू द्या. पाच संस्थांनी पाच आकडे दिले की 'आधी तुमच्यात ठरवा' म्हणून परत पाठवतात. पोचपावतीवर आवक क्रमांक घ्या. एक-दोन नगरसेवकांना तो विषय सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यायला सांगा. निवडून आलेल्या सभेऐवजी प्रशासक असेल तर थेट त्यांना भेटा.

तरतूद झाली की अर्धंच काम झालं. ठरावाची प्रमाणित प्रत काढून ठेवा, कारण इतिवृत्तात शब्द बदलतात. 'तालमीसाठी सवलत' याचं 'सामाजिक कार्यक्रमांसाठी सवलत' झालं की सकाळची सत्रं साखरपुड्यांना जातात. एप्रिलपासून दर महिन्याला प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मंजुरी आणि निविदा यांपैकी काय झालं ते विचारत राहा. डिसेंबरपर्यंत निविदा निघाली नाही तर ती रक्कम पुनर्विनियोजनात, म्हणजे न वापरलेला निधी दुसरीकडे वळवताना, रस्त्याच्या खड्ड्यांकडे जायचीच शक्यता जास्त.