कांताकुझेनस, कांताकुझिनोस की कांताकुझिनो?

प्रश्न असा आहे: बायझंटाइन (पूर्व रोमन) सम्राट सहावा जॉन याचं घराणं कुठे 'कांताकुझेनस', कुठे 'कांताकुझिनोस', तर रुमानियाच्या इतिहासात 'कांताकुझिनो' असं वाचायला मिळतं. ही वेगवेगळी घराणी आहेत का? मराठीत काय लिहावं?

नाव एकच आहे, ते भाषा बदलत गेलं. मूळ ग्रीक नावात 'झ'नंतर इटा हे अक्षर येतं. प्राचीन ग्रीकमध्ये त्याचा उच्चार दीर्घ 'ए'सारखा होता, पण बायझंटाइन काळात तो 'ई' झालेला होता. पश्चिमेकडच्या विद्वानांनी अक्षर पाहून 'ए' लिहिला आणि शेवटी लॅटिनचा 'उस' लावला, त्यातून कांताकुझेनस आलं. फ्रेंचांनी शेपूटच उडवलं, म्हणून कांताकुझेन. सम्राटाच्या तोंडी मात्र 'झि'च असणार. म्हणून बायझंटाइन पुरुषासाठी 'कांताकुझिनोस' हेच रूप बरोबर. आघात शेवटच्या 'नोस'वर द्यायचा. 'झ' झाडातला, झिम्म्यातला नव्हे. मराठीत 'झि' लिहिलं की जीभ आपसूक झिम्म्याकडे वळते, तेवढं सांभाळावं. आजचे ग्रीक लोक 'न्त'चा उच्चार 'न्द' करतात, तरी लिहिताना 'त' ठेवावा, कारण मूळ अक्षर तेच आहे.

सगळ्यात जास्त चूक होते ती बायकांच्या नावात. आपल्याकडे जोशी-जोशीण, पाटील-पाटलीण अशी रूपं बोलण्यात आहेत. बायझंटाइन ग्रीकमध्ये तसा भेद आडनावातच, आणि लेखीसुद्धा होता. पुरुष कांताकुझिनोस, स्त्री कांताकुझिनी. १३४६ मध्ये उस्मानी सुलतान ओरहानशी लग्न झालेली सम्राटाची मुलगी थिओडोरा 'कांताकुझिनी' आहे. 'थिओडोरा कांताकुझिनोस' लिहिलं तर ते पुल्लिंगी होतं. सर्बियाचा शासक ('डेस्पॉट') जुराज ब्रांकोविच याची राणी इरिनी कांताकुझिनी हीसुद्धा याच घराण्यातली. स्मेदेरेवोचा प्रचंड किल्ला बांधताना लोकांनी भोगलेल्या हालांचं खापर सर्बियन लोकगीतांनी तिच्यावर फोडलं आणि तिला 'शापित येरिना' करून टाकलं. येरिना म्हणजे इरिनीच. आधुनिक ग्रीकमध्ये स्त्रीचं आडनाव षष्ठीत येतं, 'कांताकुझिनू'. ते रूप मध्ययुगातल्या बायकांना लावू नये.

व्युत्पत्तीबद्दल एक तर्क असा की स्मिर्ना (आजचं इझमिर) जवळच्या कुझेनास या जागेवरून हे नाव पडलं, म्हणजे आपल्या '-कर' आडनावांसारखंच. घराणं अकराव्या शतकाच्या अखेरीस, सम्राट पहिल्या अलेक्सिओस कोम्नेनोसच्या काळात, लष्करी अधिकाऱ्यांमधून पुढे आलं.

इथे 'आडनाव' या शब्दानेही घोटाळा होतो. बायझंटाइन उमराव बापाचं एकच नाव लावत नसत. आजोळ अधिक प्रतिष्ठित असेल तर तेही मिरवत. सहाव्या जॉनचं नाव योआनिस आंगेलोस पालेओलोगोस कांताकुझिनोस असंही येतं, कारण त्याची आई पालेओलोगिना, म्हणजे पालेओलोगोस घराण्यातली होती. पण तेवढ्यावरून त्याला पालेओलोगोस घराण्याच्या यादीत टाकू नये. तो १३४७ ते १३५४ गादीवर होता, मग राज्यत्याग करून 'योआसाफ' नावाने संन्यासी झाला आणि १३८३ मध्ये वारला. १३५४ नंतरच्या प्रसंगात 'योआसाफ' दिसला तर तो हाच.

'कांताकुझिनो' ही रुमानियन शाखा. तिचा पूर्वज मिखाइल कांताकुझिनोस हा इस्तंबूलचा गडगंज व्यापारी. तुर्क त्याला 'शैतानओलू' म्हणत. 'ओलू' म्हणजे मुलगा, तेव्हा सैतानाचा पोर. १५७८ मध्ये सुलतानाच्या हुकमाने त्याला त्याच्याच वाड्यापाशी फाशी दिलं. सम्राटाच्या घराण्याशी त्याचं नातं नेमकं कसं जुळतं, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. तेव्हा 'सम्राटाचे थेट वंशज' असं ठोकून न देता 'तसा दावा सांगणारं घराणं' म्हणावं. त्याचे वंशज वलाखियात (आजच्या रुमानियाच्या दक्षिण भागात) स्थिरावले. शेर्बान कांताकुझिनो १६७८ ते १६८८ तिथला राजा होता, आणि रुमानियन भाषेतलं पहिलं संपूर्ण बायबल त्याच्याच आश्रयाने १६८८ मध्ये बुखारेस्टला छापलं गेलं. अशा माणसांना ग्रीक 'स' परत चिकटवू नये. विभक्ती सरळ लावावी: कांताकुझिनोसने, कांताकुझिनोचा.

या शाखेतल्या एका नावात आपला शब्द दडलेला आहे. रुमानियाचा दोनदा पंतप्रधान झालेला गेओर्गे ग्रिगोरे कांताकुझिनो (१८३२–१९१३) इतका श्रीमंत होता की लोक त्याला 'नबाबुल' म्हणत. अरबीतून फारसीत, तिथून हिंदुस्थानात आलेला 'नवाब' युरोपी भाषांमधून फिरत तिकडे पोचला. शेवटचा 'उल' हा रुमानियन भाषेत नामाच्या शेवटी जोडलं जाणारं निश्चयवाचक उपपद आहे, त्यामुळे मराठीत त्याला नुसतं 'नबाब' म्हणावं.