पोकरमध्ये जेमतेम फायद्याची बेट दिसली तर घ्यावी का सोडावी?

घ्यावी, खिसा तेवढा खोल असेल तर. एवढंच लिहून थांबलो असतो, पण याच प्रश्नावरून गेली सात वर्षं प्रत्येक भाऊबीजेला मी टोमणे खातोय.

दिवाळीत मिरजेला दाजींच्या गच्चीवर होल्डमचा (पोकरचाच एक प्रकार) डाव बसला होता. मी चार हजार घेऊन बसलेलो, आणि ते त्या रात्रीचे नव्हेत, अख्ख्या वर्षाचे पत्त्यांचे पैसे. टर्न, म्हणजे खाली मांडायचं चौथं पान, पडला तेव्हा माझ्या हातात दोन बदाम, खाली दोन बदाम. अजून एक बदाम आला की पाच बदामांचा फ्लश, मग डाव बहुधा माझा. पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, ३२००, त्यावर दाजींनी हजार लावले. न दिसलेली पानं ४६, त्यात बदाम ९. म्हणजे हाच डाव ४६ वेळा खेळला तर ९ वेळा ४२०० येणार, ३७ वेळा हजार जाणार. ३७,८०० वजा ३७,०००, भागिले ४६. डावाला सतरा रुपये! पानं टाकली. रिव्हरला, म्हणजे शेवटच्या पानाला, बदाम सत्ती आली आणि दाजी गच्चीवरनं ताईला ओरडून सांगत सुटले, "तुझा वालचंदचा इंजिनिअर घाबरला गं!"

घाबरलो नव्हतो. किती पैसे लावावेत याचं जॉन केली या शास्त्रज्ञाचं १९५६ चं सूत्र आहे: रुपयामागचा फायदा भागिले जिंकल्यावर मिळणारी पट, पैशाचा तेवढाच हिस्सा लावायचा. इथं हजारामागं सतरा, म्हणजे ०.०१७४, भागिले ४.२, म्हणजे अर्धा टक्काही नाही. हजाराची बेट घ्यायला मागं २ लाख ४० हजार पाहिजेत. "लांबच्या हिशोबात निघतंय की," हे दाजींचं पालुपद. अहो, असली बेट चार वेळा घेतली तर चारही वेळा हरायची शक्यता ४२ टक्के आहे. चार हजारवाल्याचा लांबचा हिशोब तिथंच संपला.

दाजींना हे हळदीतही पटलं नव्हतं. २००५ ला आण्णांची हळद हरिपूरच्या पेवात, म्हणजे जमिनीखालच्या खड्ड्यात, होती. आण्णा विकायला निघाले तर दाजी म्हणाले, महिनाभर धरा, क्विंटलला पन्नास-शंभर वर सुटतील. सुटलेही असते. त्याच पावसाळ्यात कृष्णेचं पाणी पेवात शिरलं. सगळी हळद एकाच पेवात, आणि वर्षाचं घर त्यावर. हा डाव भाऊबीजेला कोणी काढत नाही.

हां, एक राहिलं. बदाम लागल्यावर दाजींनी रिव्हरलाही पैसे दिले असते तर सतराचे जास्त झाले असते, हे कबूल. पण माझं मोठं पान नव्वी. कुणाकडे बदाम राजा आणि अजून एक बदाम असता तर लागूनही गेलो असतो. आणि कसिनोत बसणार असाल तर रेक, म्हणजे पॉटमधला कसिनोचा कट, आधी वजा करा. पाच टक्के धरला तरी ५२०० मधले २६० गेले, मग ही बेट उघड तोट्याची. ऑनलाइन पैसे लावून खेळणं तर २०२५ च्या केंद्राच्या कायद्यानं बंदच झालंय.

यंदा मी पाच हजार नेणार आहे. दाजींना सांगितलेलं नाही.