रिडेव्हलपमेंटची चर्चा चालू असलेल्या घरात साडेनऊ लाखांचं इंटिरियर करावं का?

डोंबिवलीच्या एका ताईंचा प्रश्न आलाय, आधी तो थोडक्यात सांगते म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. १९९१ ची बिल्डिंग, दुसरा मजला, ५२० फूट कार्पेटचा वन बीएचके, घरात नवरा-बायको, दहावीतली मुलगी आणि ७२ वर्षांच्या सासूबाई. दोघांचा मिळून हातात येणारा पगार ९८ हजार, होम लोनचा हप्ता १६,७०० (१५ लाख बाकी, १२ वर्षं उरलीत), घरखर्च साधारण ५५ हजार आणि १० हजारांच्या एसआयपी. एफडीत ४ लाख, म्युच्युअल फंडात साडेतीन लाख जे मुलीच्या शिक्षणासाठी बाजूला काढलेत. आता दिवाळीच्या आत घर नवं करायचंय, कॉन्ट्रॅक्टरने साडेनऊ लाखांचं कोटेशन दिलंय, आणि ताई विचारतात की पर्सनल लोन घेऊ, होम लोनवर टॉप-अप (त्याच कर्जावर वाढीव रक्कम) घेऊ की मिस्टर म्हणतात तसा पीएफ काढू. शेवटी एका ओळीत सहज लिहिलंय की सोसायटीत रिडेव्हलपमेंटची (जुनी बिल्डिंग पाडून बिल्डरकडून नवी बांधून घ्यायची) चर्चा आहे, फिजिबिलिटी रिपोर्ट (हे परवडेल का याचा अहवाल) आलाय, पण "ते काय लवकर होत नाही हो".

ताई, तुमचा खरा प्रश्न त्या शेवटच्या ओळीत आहे. लोन कुठलं घ्यायचं ते नंतर बघू.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते कारण तुमच्या मिस्टरांनी लिहिलंय की "घराची व्हॅल्यू वाढेल". नवीन बिल्डिंगमधला फ्लॅट विकायचा असेल तर चांगल्या इंटिरियरचे थोडेफार पैसे मिळतात, तेही टाकले तेवढे नाहीतच. पण पस्तीस वर्षांच्या बिल्डिंगमध्ये घेणारा माणूस किचनच्या शटरला ॲक्रिलिक आहे का लॅमिनेट ते बघत नाही, तो कार्पेट किती आणि बिल्डर किती टक्के जास्त देतोय ते विचारतो. आणि रिडेव्हलपमेंटमध्ये तर सगळे एकाच मापात. तुमच्या शेजारच्यांनी वीस वर्षं रंगसुद्धा लावला नसेल तरी त्यांच्या कार्पेटवर त्यांना जेवढे टक्के जास्त मिळणार तेवढेच तुम्हाला. फॉल्स सीलिंगचे, फरशीचे, वॉर्डरोबचे वेगळे पैसे कोणी देत नाही.

बरं तोडून सोबत नेऊ म्हणाल, तर मॉड्युलर किचनचं काय होतं ते सांगते. बिजागऱ्या, चॅनल, स्टीलच्या बास्केट निघतात, पण प्लायचे बॉक्स एकदा भिंतीवरून उतरवले की स्क्रूची भोकं सैल पडतात आणि ते दुसऱ्या ओट्याच्या मापात बसत नाहीत, ग्रॅनाइट काढताना तर हमखास तडकतो. म्हणजे २ लाख ६० हजारांच्या किचनमधून सोबत येणार ते भंगारापेक्षा थोडं बरं सामान.

आता "लवकर होत नाही" याबद्दल. खरंय, होत नाही. फिजिबिलिटीनंतर प्रोजेक्ट मॅनेजमेंट कन्सल्टंट नेमायचा, टेंडर काढायचं, ऑफर्स आल्या की त्यावर सहा महिने भांडायचं, मग निबंधक कार्यालयाच्या अधिकाऱ्यासमोर सभा घेऊन विकासक ठरवायचा. २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे त्या सभेला दोन तृतीयांश कोरम (सभासदांची हजेरी) लागतो आणि एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची लेखी संमती लागते. त्यानंतर डेव्हलपमेंट ॲग्रीमेंटचं रजिस्ट्रेशन, महापालिकेच्या परवानग्या, आणि मग घर खाली करायची नोटीस. सगळं सुरळीत झालं तरी तुमच्या आजच्या टप्प्यापासून तीन-चार वर्षं सहज जातात, आणि कुठे दोन गट पडले की दहा वर्षंही जातात. म्हणून मी "काहीच करू नका, बिल्डिंग पडायची वाट बघा" असं अजिबात म्हणणार नाही. रिडेव्हलपमेंटच्या नावाखाली पंधरा पंधरा वर्षं गळक्या मोरीत आंघोळ करणारी घरं आहेत आपल्याकडे, तेही काही शहाणपणाचं नाही.

पण हिशोब चार वर्षांचा धरून करा. साडेनऊ लाख भागिले ४ वर्षं म्हणजे वर्षाला २ लाख ३७ हजार, महिन्याला जवळजवळ २० हजार, आणि हे अजून व्याज न धरता. स्वतःच्या घरात राहून वर महिन्याला वीस हजार भाडं भरल्यासारखं आहे हे, फक्त छान सीलिंगखाली बसायचं. आणि पाच वर्षांचं लोन घेतलंत तर किचन तुटल्यावरही वर्षभर त्याचा हप्ता चालू राहील, तोही तुम्ही भाड्याच्या घरात असताना. बिल्डर भाडं देतो हो, पण काम रखडलं की भाड्याचे चेक उशिरा येणं किंवा बंदच होणं हे मुंबई-ठाण्यात इतक्या सोसायट्यांचं झालंय की त्या काळात आपल्या अंगावर नको असलेला हप्ता नसलेला बरा.

आता लोनचं बोलू, कारण इथे बरेच जण फसतात. ६ लाख धरा. पर्सनल लोन १३ टक्क्यांनी ५ वर्षं, हप्ता १३,६५० च्या आसपास, व्याज जातं २ लाख १९ हजार. टॉप-अप ९ टक्क्यांनी ५ वर्षं, हप्ता १२,४५५, व्याज १ लाख ४७ हजार. इथपर्यंत टॉप-अप जिंकला. पण बँकेतला माणूस तुम्हाला पाच वर्षं सांगणारच नाही, तो म्हणणार मॅडम होम लोनची बारा वर्षं उरलीत ना, त्याच्याच सोबत करून टाकू, हप्ता फक्त ६,८०० येईल. ऐकायला किती छान. व्याज बघा, ३ लाख ८३ हजार! स्वस्त दराचं लोन महागड्या पर्सनल लोनपेक्षा १ लाख ६४ हजारांनी जास्त पडतंय, का तर मुदत लांब. आणि चार वर्षांत पडणाऱ्या सीलिंगचे हप्ते बारा वर्षं.

टॅक्स वाचतो म्हणून मिस्टरांनी जे लिहिलंय त्याचं उत्तर छोटं आहे. दुरुस्ती-नूतनीकरणाच्या कर्जाच्या व्याजावर राहत्या घरासाठी वर्षाला जास्तीत जास्त ३० हजारांची वजावट मिळते, तीही होम लोनच्या २ लाखांच्या मर्यादेच्या आतच, आणि फक्त जुन्या करप्रणालीत. नवीन प्रणालीत असाल तर शून्य. मुद्दलावर आयकराच्या ८०सी कलमासारखा फायदा दुरुस्तीच्या कर्जाला नाही. तेव्हा टॅक्स हे कारण यादीतून काढून टाका.

पीएफला हात लावू नका. २०२४-२५ चा दर ८.२५ टक्के होता, व्याज तुमच्या पगाराच्या पातळीला करमुक्त, असं दुसरीकडे कुठे मिळत नाही. मिस्टर ४६ चे आहेत, ५८ पर्यंत १२ वर्षं, हाच दर राहिला तर आजचे ३ लाख तेव्हा पावणेआठ लाखांच्या आसपास होतात. पीएफमधून काढलेले पैसे कोणी परत भरत नाही, हप्त्याची आठवण करून द्यायला बँकेचा फोन येत नाही ना.

मग काय करायचं. कोटेशन समोर घेऊन बसा: किचन २.६० लाख, फॉल्स सीलिंग आणि लाइट १.१० लाख, फरशी १.३० लाख, बाथरूम-टॉयलेट १.६० लाख, वायरिंग ८५ हजार, वॉर्डरोब आणि टीव्ही युनिट १.५५ लाख, रंग ५० हजार.

यातलं वायरिंग आणि बाथरूम माझ्या मते बिल्डिंग दोन वर्षांत पडणार असली तरी करा. तुम्ही लिहिलंय की गीझर आणि एसी एकत्र चालू केला की फ्यूज उडतो आणि बाथरूमच्या स्विचला मधूनच झिणझिण्या येतात. ताई हे वाचून मला इंटिरियरचा प्रश्नच बाजूला ठेवावासा वाटला. १९९१ चं वायरिंग पंखे, ट्यूब, फ्रिज आणि एका टीव्हीसाठी होतं, त्यावर आज दोन एसी, २ किलोवॅटचा गीझर, मायक्रोवेव्ह आणि इंडक्शन. एसी आणि गीझरला वेगळी जाड वायर, नवीन एमसीबीचा (लोड वाढला की आपोआप पडणाऱ्या स्विचचा) बोर्ड, ३० मिलिअँपची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आणि बिल्डिंगचं अर्थिंग तपासून घेणं, हे ८५ हजारांत होत असेल तर यात घासाघीस करू नका. इंटिरियरवाल्याचा "आपला मुलगा आहे तो करतो" असला माणूस नको, लायसन्सवाला इलेक्ट्रिशियन बघा. आणि हे होईपर्यंत बाथरूमचा तो स्विच वापरू नका, उद्याच कोणाला तरी बोलावून बंद करून घ्या.

बाथरूम सासूबाईंसाठी. गेल्या पावसाळ्यात त्या घसरल्या हे तुम्ही कंसात लिहिलंय, मी ते सगळ्यात वर ठेवीन. न घसरणाऱ्या टाइल्स, कमोडशेजारी भिंतीत पक्का बसवलेला दांडा, उंबरा कमी करणं, आणि जुनी लादी काढून खाली वॉटरप्रूफिंग नीट करणं. १ लाख ६० हजारांत इंपोर्टेड शॉवर पॅनल आणि काचेचं पार्टिशन धरलंय ते काढा, बजेट खाली येईल. वरच्या मजल्यावरून जी ओल येतेय ती मात्र आधी मिटवा. आदर्श उपविधीप्रमाणे (सोसायट्यांसाठीची नमुना नियमावली) वरच्यांच्या टॉयलेट-सिंकमधून गळत असेल तर खर्च त्यांचा, पावसाचं पाणी किंवा बाहेरच्या कॉमन पाइपची गळती असेल तर सोसायटीचा. लेखी अर्ज द्या, नाहीतर तुमच्या नव्या बाथरूमवर वरून पाणी ठिबकत राहील.

रंग करावाच लागेल कारण वायरिंगला भिंती फोडल्या जाणार, पण रॉयल फिनिश वगैरे नको, साधं चांगलं इमल्शन पुरे.

फॉल्स सीलिंगला माझा ठाम नकार आहे आणि तो पैशांपुरता नाही. जुन्या स्लॅबमध्ये आतली सळई गंजली की ती फुगते आणि खालच्या काँक्रीटचा पोपडा सुटतो. उघडा स्लॅब असला की तडा दिसतो, गंजाचा तांबूस डाग दिसतो, हातोडीने हलकं ठोकलं की पोकळ आवाज येतो. जिप्समचं सीलिंग लावलंत की हे सगळं झाकलं जातं आणि कळतं तेव्हा पोपडा सीलिंगसकट खाली आलेला असतो. तीस वर्षांवरच्या बिल्डिंगचं स्ट्रक्चरल ऑडिट (मजबुतीची तपासणी) दर तीन वर्षांनी व्हायला हवं असं उपविधी सांगतात, तुमच्या सोसायटीचं शेवटचं कधी झालं ते सेक्रेटरींना विचारा आणि रिपोर्ट मागून वाचा. त्यात तुमच्या विंगबद्दल वाईट लिहिलं असेल तर फरशीवर फरशी टाकायचा विचारही सोडा, उगाच वजन वाढतं.

किचनच्या बाबतीत तुमचं मन मोडवत नाहीये मला. पण ओटा शाबूत आहे म्हणता, मग ट्रॉल्यांचे चॅनल आणि शटर बदलून, माळ्याला नवीन दारं लावून ३०-४० हजारांत काम निभेल, ते सहा महिन्यांनी पगारातून करा. वॉर्डरोब भिंतीत ठोकलेला नको, सुटा घ्या.

म्हणजे आत्ताचा खर्च २ लाख ९५ हजार, वर दहा टक्के जास्त धरा कारण भिंत फोडली की काहीतरी निघतंच, तर सव्वातीन लाख. एफडी सगळी मोडू नका, तुमचा सहा महिन्यांचा खर्च हप्त्यासकट ४ लाख ३० हजार होतो, म्हणजे ती एफडी हाच तुमचा इमर्जन्सी फंड आहे. त्यातून दीड लाखापर्यंत काढा आणि २ लाखांचा टॉप-अप घ्या पण तीनच वर्षांसाठी, ९ टक्क्यांनी हप्ता ६,३६० येईल आणि एकूण व्याज २९ हजारांच्या आसपास. एसआयपी चालू ठेवूनही महिन्याला साधारण १६ हजार उरतात तुमच्याकडे, त्यातून हा हप्ता जाऊन राहिलेले साडेनऊ हजार परत एफडीत, सव्वा-दीड वर्षात खड्डा भरेल. फ्लोटिंग रेटच (बाजाराप्रमाणे बदलणारा व्याजदर) असल्याची खात्री करा, म्हणजे बोनस आला की आधी फेडायला दंड लागत नाही, आणि प्रोसेसिंग फी किती ते हप्त्याच्या आधी विचारा.

कॉन्ट्रॅक्टर ५० टक्के ॲडव्हान्स मागतोय ते देऊ नका. टप्प्याटप्प्याने, आणि शेवटचे १० टक्के बाथरूम आठवडाभर वापरून गळत नाही हे बघितल्यावर. "बिल नको असेल तर १८ टक्के वाचतील" असं म्हणाला असेल तर तो काम बिघडल्यावर फोनही उचलणार नाही हे धरून चाला. दिवाळीची घाईही करू नका, सुतार-प्लंबर गावाला जायच्या बेतात असतात आणि त्या आठवड्यात केलेलं वॉटरप्रूफिंग सुकायला वेळच मिळत नाही. तुळशीच्या लग्नानंतर सुरू केलंत तर माणसंही निवांत मिळतील आणि भावही जरा बोलता येईल.

आणि सोफ्याचं विचारलंय नो-कॉस्ट ईएमआयवर घेऊ का, तर सोफा घ्या, तो नव्या घरीही येईल. फक्त दुकानात आधी रोख किंमत काय ते विचारा, ईएमआयचं नाव नंतर काढा. डिस्काउंट तिथेच गायब होतो, शिवाय प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी वेगळा लागतो तो बिलावर नाही, कार्डाच्या स्टेटमेंटवर दिसतो.