जानेवारीत पोर्तो, पावसात फिरायचं काय?

प्रश्न: जानेवारीत सासूबाईंना घेऊन पोर्तुगालमधल्या पोर्तोला जातोय, तीन दिवस. तेव्हा तिथे पाऊस असतो म्हणतात, मग बघायचं तरी काय? – एक वाचक, ठाणे

उत्तर: ताई, बिनधास्त जा! पाऊस असतो हे खरंय पण गर्दी कमी असते, आणि दुपारी १३-१४ डिग्री म्हणजे स्वेटर, वर रेनकोट, झालं. पाऊस आला की सरळ साओ बेंतो रेल्वे स्टेशनात शिरा, हॉल बघायला तिकीट नाही, भिंतींवर जवळपास २०,००० टाइल्स, त्यावर लढाया, राजाची मिरवणूक, शेतातली कामं, तासभर सहज जातो, माझ्या मते शहरातली सगळ्यात सुंदर जागा हीच. बोल्याओ मार्केटही झकास. ऊन पडलं की लगेच १८८६ चा दों लुईश पूल, वरच्या मजल्यावरून मेट्रोच्या बाजूने चालत नदीपलीकडच्या ‘गाया’ नावाच्या शहरात, तिथे पोर्ट वाइनची तळघरं. चढ मात्र फार आहेत, सासूबाईंसाठी नदीकाठाहून वर यायला फ्युनिक्युलर (चढावर रुळांवरून केबलने ओढली जाणारी गाडी) घ्या. काल्दो वेर्दे सूप गरमागरम प्या, शाकाहारी असाल तर सॉसेज नको हे आधीच सांगा. आणि हो, रूम बुक करताना हीटर आहे ना ते नक्की विचारा, तिथली जुनी घरं आतून फार गार पडतात.