‘हे संगीत की गोंगाट?’ : एका प्रसारित मैफलीविषयी वाचकांचे प्रश्न

समकालीन पाश्चात्त्य अभिजात संगीताची एक मैफल अलीकडे रेडिओवरून प्रसारित झाली आणि त्यानंतर या सदराकडे अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक पत्रे आली. मैफलीत तीन रचना होत्या : ग्यॉर्गी लिगेती यांची ‘आत्मोस्फेअर’ (१९६१), क्शिश्तोफ पेंडेरेत्स्की यांचे ‘हिरोशिमाच्या बळींसाठी शोकगीत’ (१९६०) आणि आर्वो पॅर्ट यांची, संगीतकार बेंजामिन ब्रिटन यांच्या स्मरणार्थ रचलेली ‘कॅन्टस’ (१९७७). बहुतेक पत्रांत नाराजी आहे, काहींत उघड संताप आहे, तर थोड्या पत्रांत आपल्याला नेमके काय ऐकू आले हे समजून घेण्याची मनापासून इच्छा आहे. एकसारखे प्रश्न एकत्र केले असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : लहानपणापासून मी संगीत ऐकत आलो आहे. पहिल्या रचनेत ना चाल होती, ना ठेका, ना कुठे सम. सुरुवातीपासून शेवटपर्यंत नुसते घोंगावणे चालू होते. याला संगीत म्हणायचे ते कशाच्या आधारावर?

उत्तर : ‘घोंगावणे’ हा आपला शब्द तक्रार म्हणून आला असला तरी तो फार नेमका आहे. ‘आत्मोस्फेअर’ सुरू होते त्या क्षणी छप्पन्न तंतुवादक आणि त्यांच्या जोडीला फुंकवाद्ये मिळून पाच सप्तकांच्या पल्ल्यातले जवळजवळ सगळे स्वर एकदम, अतिशय हलक्या आवाजात धरतात. छप्पन्न तंतुवादकांपैकी प्रत्येकाची ओळ स्वतंत्र लिहिलेली आहे. शेजारच्याचे पाहून वाजवण्याची सोय कोणालाच नाही. मात्र हे स्वर एकमेकांना इतके खेटून बसवले आहेत की पोळ्यातल्या एका माशीचा आवाज जसा वेगळा काढता येत नाही, तसा यातला एकही स्वर वेगळा ऐकू येत नाही. चाल ऐकू यायची तर एका स्वरानंतर दुसरा वेगळा ओळखता यायला हवा, आणि लिगेती यांनी नेमकी तीच शक्यता काढून घेतली आहे. ठेक्याचेही तसेच. वाद्यवृंदाचा संचालक मात्रा मोजत असतो, पण ती मोजणी श्रोत्याला कळू नये अशा बेताने स्वर आत येतात आणि बाहेर पडतात.

मग हलते काय? ध्वनीचा पोत. हा जाड पट्टा हळूहळू विरळ होतो, त्यातले एकेक वाद्यगट गळत जातात, तंतुवाद्यांची ऊब जाऊन फुंकवाद्यांचा थंडपणा येतो, पट्टा वर सरकतो, अरुंद होतो. समेची वाट पाहणारा कान इथे रिकाम्या हाताने परततो आणि त्या श्रोत्याची निराशा खरी असते. ती मी अडाणीपणा मानत नाही. माझी विनंती एवढीच की पुन्हा ऐकाल तेव्हा पहिली दोन मिनिटे ‘पुढचा स्वर कोणता’ हा प्रश्न बाजूला ठेवावा आणि ‘आत्ता हा आवाज रुंद आहे की अरुंद, जड आहे की हलका’ एवढेच स्वतःला विचारावे. त्यानंतरही रचना नकोशी वाटली तर ते मत पक्क्या पायावर उभे असेल. २२ ऑक्टोबर १९६१ रोजी जर्मनीतील डोनाउएशिंगेनच्या महोत्सवात ही रचना प्रथम सादर झाली, तेव्हा ती तिथल्या तिथे पुन्हा वाजवावी लागली होती. त्या श्रोत्यांना दुसरी संधी लगेच मिळाली. आपल्या वाट्याला ती आली नाही, आणि अशा संगीताच्या एकवेळच्या प्रसारणातली ही मोठी उणीव आहे असे मला वाटते.

प्रश्न : मी मोबाईलवर ऐकत होते. त्याच रचनेत एके ठिकाणी शिट्टीसारखा तीक्ष्ण आवाज चढत चढत असह्य झाला आणि मग एकदम आवाजच गेला. नुसती कोरडी घरघर उरली. प्रसारणात बिघाड झाला होता का?

उत्तर : बिघाड झालेला नव्हता. आपण वर्णन केलेली जागा या रचनेतील सर्वांत विलक्षण जागांपैकी एक आहे आणि मोबाईलने ती आपल्यापासून हिरावून घेतली, याचे मला वाईट वाटते. तिथे पिकोलो या लहान बासऱ्या मानवी कानाला टोचेल इतक्या उंचीपर्यंत चढतात आणि त्या जिथे तुटतात त्याच क्षणी सगळ्या वाद्यवृंदाच्या तळाशी असलेले आठ डबल बेस आपल्या खर्जातले स्वर एकत्र वाजवू लागतात. कड्याच्या टोकावरून पाय सुटावा तसा हा अनुभव आहे.

आता यंत्राकडे पाहू. डबल बेसची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे एक्केचाळीस कंपने करते. मोबाईलमधला ध्वनिक्षेपक बोटाच्या पेराएवढा असतो. इतक्या संथ कंपनांसाठी जेवढी हवा ढकलावी लागते तेवढी तो ढकलूच शकत नाही. एकच स्वर असेल तर त्याच्या वरच्या उपस्वरांवरून, म्हणजे मूळ स्वरासोबत आपोआप उमटणाऱ्या उंच, हलक्या स्वरांवरून, आपला कान हरवलेला मूळ स्वर बऱ्याच वेळा जुळवून घेतो आणि म्हणूनच मोबाईलवर गाणी ऐकताना खर्जाची उणीव फारशी जाणवत नाही. इथे मात्र आठ स्वर एकमेकांना चिकटून आले असल्यामुळे कानाला तो आधारही मिळत नाही. उरते ती आपण म्हणता ती घरघर.

दुसरी एक गोष्ट कमी लोकांना ठाऊक असते. गाडीत किंवा स्वयंपाकघरात रेडिओ ऐकणाऱ्यालाही हळू आवाज पोचावा म्हणून पुष्कळ केंद्रे प्रसारणाच्या वेळी हळू भाग थोडे वर उचलतात आणि मोठे भाग थोडे दाबतात. बोलण्याच्या कार्यक्रमात हे उपकारक ठरते. पण ज्या संगीतात चालही नाही आणि ठेकाही नाही, तिथे आवाजाचे लहानमोठे होणे हाच श्रोत्याचा मुख्य आधार असतो आणि नेमका तोच सपाट होतो. ‘सगळे एकाच पट्टीत रटाळ चालले होते’ असे लिहिणाऱ्या चार वाचकांच्या तक्रारीतला काही वाटा संगीताचा असेल. काही वाटा या दाबलेल्या आवाजाचा नक्कीच आहे. साधे हेडफोन लावून, शांत खोलीत ऐकल्यास फरक लगेच कळेल.

प्रश्न : १९६० सालची रचना ‘समकालीन’ कशी?

उत्तर : नाहीच. ही सवयीने चिकटलेली पाटी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या संगीताला ती सरसकट लावली जाते. कार्यक्रमाच्या घोषणेत वर्षे सांगितली गेली असती तर बरे झाले असते.

प्रश्न : वाद्ये कशीही वाजवून कोणीही असे काही तयार करू शकेल. तज्ज्ञांना तरी खरे आणि बनावट यांतला फरक कळतो का?

उत्तर : याची परीक्षा एकदा रेडिओवरच झाली आहे. ५ जून १९६१ रोजी बीबीसीच्या ‘थर्ड प्रोग्रॅम’ या केंद्रावरून प्योत्र झॅक नावाच्या एका पोलिश संगीतकाराची, ध्वनिफीत व तालवाद्ये यांसाठी लिहिलेली रचना प्रसारित झाली. असा संगीतकार अस्तित्वात नव्हता. हान्स केलर आणि सुझन ब्रॅडशॉ या बीबीसीशी संबंधित दोघा जाणकारांनी स्टुडिओत हाताला येतील ती वाद्ये मनाला येईल तशी वाजवून ती ‘रचना’ तयार केली होती. वृत्तपत्रांतील समीक्षकांनी तिचे गंभीरपणे परीक्षण केले आणि नंतर खरी गोष्ट उघड झाली. ही हकिकत नव्या संगीताविरुद्धचा पुरावा म्हणून नेहमी सांगितली जाते, आणि समीक्षकांना फसवणूक ओळखता आली नाही हे त्यात खरेच आहे. पण तिचा दुसरा अर्धा भाग सांगायचा राहून जातो. त्या परीक्षणांचा सूर प्रतिकूल होता. रचना खरी समजूनही त्यांना ती आवडली नाही. ‘हे बनावट आहे’ असे सांगता येणे वेगळे आणि ‘यात काही दम नाही’ हे कळणे वेगळे. त्या समीक्षकांना दुसरे कळले होते, आणि श्रोता म्हणून मला त्याचेच मोल अधिक वाटते.

‘कोणीही करू शकेल’ याविषयी इतकेच म्हणतो की करून पाहण्यास माझी काहीच हरकत नाही. छप्पन्न वादकांना एकाच वेळी हळू वाजवायला लावून त्यातून एकही स्वर डोके वर काढणार नाही अशी रचना कागदावर उतरवणे हे फार कठीण काम आहे.

प्रश्न : दुसऱ्या रचनेच्या आधी निवेदकाने हिरोशिमाचे नाव घेतले आणि माझ्या अंगावर काटा आला. माझ्या भावाने रेडिओ उशिरा लावला; त्याला ते केवळ भयपटाचे पार्श्वसंगीत वाटले. मग परिणाम संगीताचा की शीर्षकाचा?

उत्तर : आलेल्या सर्व पत्रांतला हा सर्वांत चांगला प्रश्न आहे, कारण स्वतः संगीतकारालाही तो वेगळ्या वाटेने भेटला होता. बावन्न तंतुवाद्यांसाठी लिहिलेल्या या रचनेला पेंडेरेत्स्की यांनी आधी केवळ तिच्या अवधीचे, म्हणजे ‘आठ मिनिटे सदतीस सेकंद’ असे नाव दिले होते. हिरोशिमाच्या बळींना ती अर्पण करण्याचे नंतर, प्रत्यक्ष वादन ऐकल्यावर ठरले. म्हणजे स्वर आधी लिहिले गेले आणि शोक त्यांना मागाहून जोडला गेला.

यामुळे काही जणांना फसवल्यासारखे वाटते. मला तसे वाटत नाही. वादकांनी घोडीच्या पलीकडच्या आखूड तारांवर गज ओढणे, वाद्याच्या अंगावर तळहाताने आघात करणे, तार देईल तो उंचात उंच स्वर काढणे या साऱ्या क्रिया कागदावर तंत्राच्या खुणा होत्या. त्या कानांवर पडल्या तेव्हा लिहिणाऱ्यालाच त्यांत किंकाळी ऐकू आली. शीर्षक म्हणजे त्या रचनेच्या पहिल्या काही श्रोत्यांपैकी एकाची, खुद्द संगीतकाराची प्रतिक्रिया आहे असे समजावे. आपली आणि आपल्या भावाची प्रतिक्रिया तिच्याच शेजारी मांडता येते. भावाला भयपट आठवला यालाही कारण आहे : स्टॅनली कुब्रिक यांनी १९८० सालच्या आपल्या भयपटात पेंडेरेत्स्की यांच्याच इतर रचना वापरल्या आणि अशा आवाजांचा भीतीशी सांधा त्यानंतर अधिकच घट्ट होत गेला. संगीत आधीचे आहे आणि सवय नंतरची, एवढे भावाला जरूर सांगावे.

प्रश्न : बहुसंख्य श्रोत्यांना जे नको आहे ते रेडिओने का ऐकवावे? ज्यांना आवड आहे त्यांनी सभागृहात जावे.

उत्तर : असा आग्रह पूर्वीही धरला गेला आहे, आणि तो यशस्वीही झाला आहे. १९६३ च्या सप्टेंबरात नेदरलँड्समधील हिल्वरसम येथे लिगेती यांची शंभर मेट्रोनोमसाठी लिहिलेली रचना सादर झाली. तालाची गती दाखवणारी शंभर यंत्रे एकदम सुरू करायची आणि एकेक करून सगळी थांबेपर्यंत ऐकत राहायचे, असे तिचे स्वरूप आहे. तिचे चित्रीकरण दूरचित्रवाणीवर दाखवले जाणार होते, परंतु नगरपालिकेच्या विनंतीवरून ते रद्द झाले आणि त्या वेळेत फुटबॉलचा सामना दाखवण्यात आला. संतापणाऱ्यांना संतापण्याची संधीही मिळाली नाही.

मी या बाबतीत तटस्थ नाही. आपण ज्या तीन रचना ऐकल्या त्यांतल्या दोघींचे रेडिओशी घट्ट नाते आहे. ‘आत्मोस्फेअर’ जर्मनीतील एका रेडिओ संस्थेच्या मागणीवरून लिहिली गेली आणि त्याच संस्थेच्या वाद्यवृंदाने ती पहिल्यांदा वाजवली. निरनिराळ्या देशांच्या रेडिओ संस्थांचे प्रतिनिधी आपापल्याकडच्या नव्या रचना एकमेकांना ऐकवतात, अशा युनेस्कोशी संलग्न मेळाव्यात १९६१ साली पेंडेरेत्स्की यांचे शोकगीत गौरवले गेले. रेडिओने हे संगीत नुसते पोचवले नाही, पोसले.

याहून माझ्या मनात घर करून राहिलेली गोष्ट एका श्रोत्याची आहे. १९५६ च्या नोव्हेंबरात हंगेरीच्या बुडापेस्ट शहरात सोव्हिएत रणगाडे शिरले होते, लोक तळघरांत आसरा घेऊन बसले होते आणि त्या गोळीबारात एक तरुण संगीतशिक्षक वर, घरात, रेडिओपाशी बसला होता, कारण जर्मनीतील कोलोन केंद्रावरून संगीतकार श्टोकहाउझन यांची एक नवी इलेक्ट्रॉनिक रचना लागायची होती आणि तळघरात ती नीट ऐकू आली नसती. तो श्रोता म्हणजे लिगेती. पुढे महिन्याभरातच त्यांनी देश सोडला, कोलोनच्या त्याच रेडिओ स्टुडिओत ते जाऊन पोचले, आणि तिथे ध्वनीचे थर एकावर एक रचताना जे शिकले त्यातून ‘आत्मोस्फेअर’ घडली. आवडणारे थोडेच असतील, हे मला मान्य आहे. पण सभागृह ज्यांच्या आवाक्यात नाही असे श्रोतेही त्या थोड्यांत असतात आणि त्यांना रेडिओवाचून दुसरा मार्ग नसतो.

प्रश्न : मला फक्त शेवटची, घंटेची रचना आवडली, डोळ्यांत पाणी आले. पहिल्या दोन कळल्या नाहीत आणि ही कळली, म्हणजे माझी अभिरुची जुनाट आहे का? आणि शेवटी सगळी वाद्ये थांबल्यावरही काहीतरी वाजत होते. तो भास होता का?

उत्तर : अभिरुचीबद्दल मुळीच संकोच बाळगू नये. ‘कॅन्टस’मध्ये उतरत जाणारी एकच स्वरपंक्ती आहे, ती पाच तंतुवाद्यगट वाजवतात आणि प्रत्येक पुढचा गट ती आधीच्याच्या निम्म्या गतीने व एक सप्तक खाली घेतो. त्यामुळे पहिली व्हायोलिने सोळा पावले टाकतात तेव्हा डबल बेस एकच पाऊल टाकतात. उतरण ओळखीची आहे, स्वर आपल्या कानांना परके नाहीत, म्हणून ती आपल्याला लगेच भेटली. तिची बांधणी मात्र पहिल्या दोन रचनांइतकीच काटेकोर आहे.

शेवटी आपण जे ऐकले तो भास नव्हता. सगळे गट एकेक करून आपापल्या अखेरच्या स्वरावर येऊन थांबतात आणि तो मोठ्या आवाजात धरून ठेवतात. त्या आवाजाच्या आड घंटा एकदाच, इतकी हलकेच वाजवली जाते की तो आघात कोणाला ऐकू येत नाही. मग तंतुवाद्ये एकदम थांबतात आणि घंटेची आस उघडी पडते. रचनाभर घंटेच्या स्वराला षड्ज मानले तर आपण कोमल गंधार ऐकत आलेलो असतो. पण घंटेच्या उपस्वरांत, तंबोऱ्याच्या खर्जात आपोआप उमटतो तसा, शुद्ध गंधार असतो आणि कान देऊन ऐकणाऱ्याला त्या शेवटच्या काही सेकंदांत तो लागतो. वादकांपैकी कोणीही तो वाजवलेला नसतो. काही प्रसारणांत निवेदकाचा आवाज घाईने त्यावर येतो. या वेळी तसे झाले नाही आणि आपण रेडिओ बंद करण्याची घाई केली नाही, म्हणून तो आपल्यापर्यंत पोचला.