साठ संस्थांची सभासद-संघटना: नोंदणीआधी सभासद कोण ते ठरवा

तुमचा प्रश्न असा: लातूर, धाराशिव, बीड आणि नांदेड मिळून साठेक छोट्या सामाजिक संस्था आहेत, त्यांच्या प्रमुखांसाठी सभासद-संघटना काढायची आहे. नोंदणी कशात करावी, वर्गणी किती ठेवावी आणि अशा संघटना दोन-तीन वर्षांत थंड का पडतात?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, बाकीचं त्यातूनच येतं. माझ्या मते मुख्य कारण पैसा नाही. सभासद कोण, संस्था की माणूस, हे घटनेत धड लिहिलेलं नसतं. ‘सदस्य संस्थांचे प्रतिनिधी’ एवढ्या मोघम शब्दांवर काम सुरू होतं. मग एका संस्थेचे सचिव कार्यकारिणीवर निवडून येतात, आठ महिन्यांनी ती संस्था सोडतात, आणि तरी संघटनेचे खजिनदार म्हणून चेकवर सही त्यांचीच चालू राहते. त्यांची जुनी संस्था म्हणते पद आमचं, ते म्हणतात निवडून मी आलो.

नियमावलीत सरळ लिहा: ‘सभासदत्व संस्थेचे राहील. संस्थेने आपल्या कार्यकारिणीच्या ठरावाने एक प्रतिनिधी व एक पर्यायी प्रतिनिधी नेमावा. प्रतिनिधीचा त्या संस्थेशी संबंध संपेल त्या दिवसापासून त्याचे संघटनेतील पद रिक्त समजले जाईल.’ नोंदणीच्या कागदांवर संस्थापक म्हणून माणसंच सह्या करतात, त्यामुळे हे कलम लागत नाही असं वाटतं. तो गैरसमज आहे.

आता नोंदणी. सोसायट्यांचा कायदा 1860 चा, त्यात किमान सात जण लागतात. महाराष्ट्रात सेवाभावी हेतूच्या सोसायटीला सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 खालीही नोंद करावी लागते. दोन्ही कामं धर्मादाय कार्यालयातच होतात. एक सोसायटीचा नंबर मिळतो आणि एक ‘एफ’ने सुरू होणारा, विश्वस्त व्यवस्थेच्या नोंदणीचा. मुख्य कार्यालय ज्या जिल्ह्यात, तिथलं कार्यालय. जागामालकाची हरकत नसल्याचं पत्र आणि वीजबिल आधीच जमवा, फाइल हमखास तिथेच अडते.

दुसरा पर्याय सेक्शन 8 कंपनीचा, म्हणजे कंपनी कायद्याखालच्या ना-नफा कंपनीचा. दोन संचालकांवर ती उभी राहते, पण वार्षिक फॉर्म चुकला तर दर फॉर्ममागे दिवसाला 100 रुपये दंड चालू होतो. अर्धवेळ समन्वयकावर चालणाऱ्या संघटनेने त्या वाटेला जाऊ नये. खरं तर पहिलं वर्ष काहीच नोंदवू नका. एका सभासद संस्थेने वेगळं लेजर उघडून खर्च सांभाळावा. वर्षभरात चार बैठकांना तीस संस्थासुद्धा आल्या नाहीत, तर नोंदणीचा खर्च तरी वाचेल.

सोसायटी झाल्यावरचं मुख्य दुखणं म्हणजे चेंज रिपोर्ट. विश्वस्त (सोसायटीत कार्यकारिणीचे सदस्य) बदलले की 90 दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयाला बदल कळवायचा. निवडणुकीत हरलेल्या गटाने हरकत घेतली की प्रकरण वर्षानुवर्षं पडून राहतं. शेड्यूल वनच्या, म्हणजे त्या कार्यालयातल्या नोंदवहीच्या, उताऱ्यावर जुनीच नावं राहतात, आणि बँक तोच उतारा मागते. हरकतीचा मुद्दा बहुतेकदा एकच असतो: मतदार यादी चुकीची होती. 1860 च्या कायद्यात तीन महिन्यांपेक्षा जास्त वर्गणी थकलेल्या सभासदाला मताचा हक्क नाही. म्हणून वर्गणीची शेवटची तारीख नियमावलीतच घाला. थकबाकीदारांना लेखी कळवा आणि अंतिम यादी सभेच्या पंधरा दिवस आधी सगळ्यांना पाठवा. सभेच्या दारात वर्गणी घेऊन मत देऊ देणं हा सौजन्याचा भाग वाटतो, पण पुढचा दावा तिथूनच सुरू होतो.

उद्दिष्टं लिहिताना ‘सभासद संस्थांचे हित’ हे मुख्य उद्दिष्ट ठेवू नका. करसवलतीसाठी आयकर खात्यात नोंदणी करताना पहिला प्रश्न हाच येतो: लाभ फक्त सभासदांना आहे का? क्षमता वाढवण्याचा अंतिम लाभ समाजाला कसा पोचतो, ते लिहा, आणि विसर्जनानंतर उरलेली मालमत्ता सभासदांत वाटली जाणार नाही, हेही. उद्दिष्टं नंतर बदलायची तर एक महिन्याच्या अंतराने दोन विशेष सभा आणि दोन्हींत तीन-पंचमांश मतं लागतात. साठ संस्थांकडून ती मिळवणं सोपं नाही, तेव्हा पहिला मसुदा जाणत्या वकिलाला दाखवाच.

वर्गणीचा हिशेब करून पाहा. अर्धवेळ समन्वयक 15,000 रुपये महिना धरला तर वर्षाचे 1,80,000. ऑडिट आणि फाइलिंग 25,000. चार बैठकांचं जेवण-हॉल 60,000, प्रवास व किरकोळ 35,000. झाले तीन लाख. साठ संस्थांनी हजार-हजार दिले तर 60,000 येतात, म्हणजे पाचवा हिस्सा. सरसकट पाच हजार लावले तर एका गावात बालवाडी चालवणारी संस्था येणारच नाही. संस्थेच्या वार्षिक खर्चानुसार टप्पे करा: 10 लाखांखाली 500, 50 लाखांपर्यंत 2,000, त्यावर 7,500. मत मात्र प्रत्येकी एकच. उरलेली तूट देणगीतून भरायची.

जीएसटीची भीती अनेकांना असते. समाजकल्याणाच्या ना-नफा संस्थेने सभासदांकडून घेतलेली वर्षाला प्रत्येक सभासदामागे 1,000 रुपयांपर्यंतची वर्गणी करमुक्त आहे, आणि सेवांची वार्षिक उलाढाल 20 लाखांखाली असेल तर नोंदणीच लागत नाही. खरा धोका आयकराच्या बाजूला आहे. अशी संघटना सहसा ‘सार्वजनिक हिताचं इतर काम’ या प्रकारात धरली जाते. तिथे फी घेऊन केलेली धंदावजा कामं एकूण जमेच्या 20 टक्क्यांवर गेली की त्या वर्षाची करसवलत जाते. बाहेरच्यांसाठी सशुल्क प्रशिक्षणांचा सपाटा लावणाऱ्या संघटना इथेच सापडतात. 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा लागू आहे, त्यातले कलम-क्रमांक वेगळे आहेत; जुन्या नमुन्यावरून अर्ज उतरवू नका.

‘संघटना परदेशी निधी आणेल आणि सभासदांना वाटेल’ असं आश्वासन कुणालाही देऊ नका. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्यात, 2020 ला दुरुस्ती झाल्यापासून परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, तिच्याकडे एफसीआरएची नोंदणी असली तरी. देशी निधी वाटणार असाल तर ज्या कार्यकारिणी सदस्याच्या संस्थेचा अर्ज आहे त्याने त्या विषयापुरतं बाहेर जावं आणि इतिवृत्तात तशी नोंद व्हावी.

मग सभासदाला मिळतं काय? छोट्या संस्थेच्या प्रमुखाला सगळ्यात उपयोगी पडते ती तारखांची आठवण. 31 मे देणगीदारांचं विवरण, 30 सप्टेंबर ऑडिट, 31 ऑक्टोबर आयकर विवरणपत्र, 31 डिसेंबर एफसी-4, म्हणजे परदेशी निधीचं वार्षिक विवरण. प्रत्येक तारखेआधी सहा आठवडे एक फोन (मेसेज नव्हे, फोन), आणि तालुक्याला महिन्यातून एक दिवस बसणारा सामायिक हिशेबनीस. पन्नास जणांच्या कार्यशाळेपेक्षा लोक यासाठी वर्गणी भरतात.

दुसरी गोष्ट म्हणजे सहा-आठ प्रमुखांचे लहान गट. दर सहा आठवड्यांनी तीन तास बसायचं, दोनच जणांनी आपली अडचण मांडायची. पहिली वीस मिनिटं मांडणी, मग इतरांनी फक्त प्रश्न विचारायचे, सल्ला शेवटी. पगार थकलेत, विश्वस्त ऐकत नाहीत, आपण दमलोय, हे माणूस देणगीदारासमोर बोलत नाही. म्हणून त्या खोलीत देणगीदार नको आणि फोटोही नको. एकाच निधीसाठी अर्ज करणाऱ्या दोन संस्था एका गटात घालू नका, दोघंही गप्प बसतात.

आणि सगळं लातूरलाच ठेवू नका. किनवटच्या माणसाला सकाळी दहाच्या सभेसाठी आदल्या दिवशी निघावं लागतं, आष्टीवाल्याला तर अहिल्यानगर जवळ पडतं. वार्षिक सभा लातूरला घ्या, लहान गट मात्र नांदेड, अंबाजोगाई, तुळजापूर असे पाडा आणि एसटीचं भाडं संघटनेच्या खर्चातच धरा.