अमेरिकी जॅझ संगीतकार चार्ल्स मिंगस केवळ उत्तम बासवादक होते की बँडप्रमुख म्हणूनही मोठे होते?

माझ्या मते त्यांचे खरे मोठेपण बँडप्रमुख म्हणूनच दिसते. १९२२ साली ॲरिझोनात जन्मलेले मिंगस लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात वाढले, आधी चेलो शिकले आणि मग डबल बास या मोठ्या, खर्जातल्या तंतुवाद्याकडे वळले. लुई आर्मस्ट्राँग व लायोनेल हॅम्प्टन या जॅझ कलाकारांच्या ताफ्यांत वाजवल्यावर १९५२ मध्ये त्यांनी ड्रमवादक मॅक्स रोच यांच्यासह ‘डेब्यू’ ही रेकॉर्ड कंपनी काढली. पुढे ‘जॅझ वर्कशॉप’ या आपल्या वादकसंचात ते लिखित स्वरलिपी हाती देण्याऐवजी पियानोवर वाजवून किंवा गाऊन रचना शिकवत, जे आपल्याकडील तालमीशी फार जवळचे आहे, चालू कार्यक्रम मध्येच थांबवून ते वादकांना खडसावतही. १९५९ चा ‘मिंगस आह अम’ हा अल्बम अवश्य ऐकावा. १९७९ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर त्यांच्या इच्छेनुसार पत्नीने त्यांच्या अस्थी गंगेत विसर्जित केल्या.